माथ्यावर टाकं नसतं: श्वेबिशे आल्बच्या टेकड्या, सायकलने आणि पायी

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत स्टुटगार्टमध्ये राहणारं जोडपं, सह्याद्रीतल्या ट्रेकची चांगली सवय, घरात दोन हायब्रिड सायकली. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सुट्टीच्या दिवशी जवळच्या श्वेबिशे आल्ब या डोंगररांगेतल्या टेकड्यांचे माथे गाठायचे आहेत, काही अंतर सायकलने, काही पायी. हजार मीटरच्या आतबाहेरचे डोंगर, त्यासाठी वेगळी तयारी काय करायची? आणि पहिला माथा कोणता?

उंचीवरून अंदाज बांधलात तर फसाल. आल्बचा सर्वांत उंच माथा लेमबेर्ग, १०१५ मीटर. कळसूबाईच्या १६४६ मीटरपुढे हे किरकोळच वाटणार. पण फरक उंचीत नाही, दगडात आहे. सह्याद्री बेसाल्टचा, आल्ब चुनखडीचा. बेसाल्टवर घडलेल्या सवयी चुनखडीवर दोन ठिकाणी दगा देतात, पाण्याच्या बाबतीत आणि चढाच्या बाबतीत. म्हणून इथे नियोजनाचा क्रम बदलायचा. आधी पाणी कुठे भरणार ते ठरवायचं, मग पठारावर कोणत्या बाजूने चढणार ते, आणि माथा कोणता हे शेवटी.

पाण्यापासून सुरुवात करू. सह्याद्रीत गडावर कातळात खोदलेलं टाकं असतं आणि पाणी त्यात महिनोन्‌महिने टिकतं. चुनखडीत खोदलेल्या खड्ड्यात पाणी टिकवायला आतून मातीचा लेप द्यावा लागतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनतं, दगडातल्या भेगा विरघळवून रुंद करतं आणि त्याच भेगांतून खाली निघून जातं. त्यामुळे पठारावर ओढे जवळजवळ नाहीत, कोरड्या दऱ्या आहेत. शेतात मधेच बशीसारखे किंवा नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात, त्यांना डोलिने म्हणतात. खाली मुरलेलं पाणी चिकणमातीच्या किंवा मार्लच्या (चुना आणि चिकणमाती मिसळलेल्या दगडाच्या) थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून, नाहीतर पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. बाड उराखजवळच्या धबधब्यापाशी हे डोळ्यांनी पाहता येतं. डोंगराच्या मध्यावरून पाणी निघतं, ३७ मीटर खाली कोसळतं, आणि वर रुट्शेनफेल्झेनच्या कड्यावर पोहोचलात की थेंब नाही.

पठारावरच्या गावांचं जुनं आयुष्य यावरच बेतलेलं होतं. चिकणमातीने लेपलेली तळी, ज्यांना ह्यूले म्हणतात, आणि छपराचं पाणी साठवायचे हौद, एवढाच आधार. दऱ्यांमधलं पाणी पंपाने वर चढवण्याची योजना कार्ल एमान या अभियंत्याची. १८७१ मध्ये युस्टिंगेन गावात असं पाणी पहिल्यांदा पोहोचलं. जुनी तळी आजही काही गावांत दिसतात. त्साइनिंगेनचं तळं त्यांत मोठं. ते टिकलं याचं कारण गमतीचं आहे: त्या गावाखाली प्राचीन ज्वालामुखीची नळी आहे आणि तिच्यातला टुफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, पाणी धरून ठेवतो. उराख आणि किर्खहाइमच्या परिसरात अशा तीनशेहून अधिक नळ्या आहेत. म्हणजे चुनखडीच्या पठारावर पाणी टिकलं तेही ज्वालामुखीच्याच दगडामुळे!

आता व्यवहाराचं. वीस-पंचवीस अंशांच्या हवेत सायकलवर ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, उन्हात कडा चढताना ताशी एक लिटर. पाच तासांच्या दिवसाला माणशी तीन लिटर धरा. सगळं पाठीवर नेऊ नका, पण पायथ्याच्या स्टेशनवरून माणशी दोन लिटर भरल्याशिवाय चढाला लागू नका. वर गावं आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती तीन-सहा किलोमीटरच्या अंतराने भेटतात, तरी रविवारी दुकानं बंद असतात आणि गावातल्या खाणावळीचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस नेमका तुमचाच निघू शकतो. जर्मनीत फिरणाऱ्या सायकलस्वारांचा भरवशाचा उपाय म्हणजे गावाचं दफनभूमीचं आवार. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. दोन गोष्टी मात्र बघायच्या. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. आणि थंडीत गोठू नये म्हणून हे नळ बंद ठेवतात, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्यावर विसंबू नका.

झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. वाळूतून झिरपणारं पाणी गाळलं जातं, चुनखडीच्या भेगांतून ते नुसतं धावतं. किती वेगाने, हे १८७७ च्या प्रयोगात दिसलं. इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचं पाणी पात्रातच जमिनीत गडप होतं. तिथे दहा किलो रंगद्रव्य सोडलं, आणि ते सुमारे अडीच दिवसांत बारा किलोमीटरवरच्या आखटोप्फ या झऱ्यातून हिरवं होऊन बाहेर आलं. पठारावरच्या शेतात टाकलेलं शेणखतही याच वाटेने जातं. मोठ्या पावसानंतरचे दोन-चार दिवस तर झरे गढूळच असतात.

दुसरा मुद्दा आकाराचा. सह्याद्रीत माथा म्हणजे चढाचा शेवट. आल्ब हा उत्तर-पश्चिमेकडे उचललेला आणि दक्षिण-पूर्वेकडे कललेला पाट समजा. नेकार नदीच्या बाजूला त्याची कड तीनशे-चारशे मीटर एकदम तुटते, तिला आल्बट्राउफ म्हणतात. डॅन्यूबच्या बाजूला तोच पाट हळूहळू उतरत जातो. त्यामुळे उंच माथे मध्यभागी नाहीत, कडेला आहेत, आणि त्याच माथ्यावर जायचे दोन वेगळे दिवस होऊ शकतात. नेकारकडून गेलात तर चार किलोमीटरांत तीनशे मीटर चढ, म्हणजे सरासरी साडेसात टक्के, मधे दहा टक्क्यांचे तुकडे. डॅन्यूबकडून गेलात तर अंतर कितीतरी पट, पण चढ जेमतेम जाणवतो. कडेवर चढणाऱ्या रस्त्याला इथे ‘श्टायगे’ म्हणतात. नकाशात हा शब्द दिसला की गिअरकडे बघायचं. होनाऊजवळच्या श्टायगेवर १८९३ ते १९६९ दातेरी रुळांची रेल्वे चालत होती, कारण दहा टक्क्यांचा चढ साध्या रुळांवर इंजिनाला झेपत नव्हता. तोच चढ तुमच्या मांड्यांनी साध्या चाकांवर चढायचा आहे.

पठारावर पोहोचलो, आता सपाट, असं वाटतं तेव्हा दुसरी चूक होते. कडेलगतचा भाग सपाट नाही. जुरासिक समुद्रातल्या स्पंज आणि सूक्ष्मजीवांच्या भित्तींचा दगड आजूबाजूच्या थरांपेक्षा टणक, म्हणून तो घुमटासारख्या टेकड्यांच्या रूपाने उरला आहे. त्या भागाला कुप्पेनआल्ब म्हणतात. प्रत्येक टेकडी तीस ते ऐंशी मीटरची, आणि रस्ता दोन टेकड्यांमधल्या कोरड्या दरीत उतरून पुन्हा चढतो. इथे दर किलोमीटरला दहा-बारा मीटर चढ धरून चाला, म्हणजे ४० किलोमीटरला चारशे ते पाचशे मीटर. ट्राउफचा चढ यात धरलेला नाही. डॅन्यूबकडचा भाग, फ्लेखेनआल्ब, खरोखर सपाट आहे. दोहोंच्या मधली रेषा म्हणजे जुन्या समुद्राचा किनारा. हेल्डेनफिंगेन गावात त्या किनाऱ्याचा कडा अजून उभा आहे, शिंपल्यांनी पोखरलेल्या भोकांसकट.

आता गिअर. हायब्रिडचा सर्वांत हलका गिअर किती, हे दात मोजून काढा. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या मोठ्या चक्रीचे दात. उत्तर १ च्या वर असेल तर श्टायगेवर त्रास ठरलेला. हिशेब असा: स्वार आणि सायकल मिळून ९० किलो, चढ साडेसात टक्के, मिनिटाला ७० पेडल. ३४ ला ३४, म्हणजे गुणोत्तर १ असेल, तर वेग ताशी ९ किलोमीटर आणि लागणारी ताकद सुमारे १८५ वॅट. ३० ला ३६ असेल तर वेग साडेसात आणि ताकद दीडशेच्या आसपास. ३४ ला २८ असेल तर २२५ वॅटच्या वर. सुट्टीच्या दिवशी फिरणाऱ्या निरोगी माणसाला दीडशे वॅट अर्धा तास जमतात, सव्वादोनशे जमत नाहीत. मग पेडलची गती पन्नासवर येते आणि गुडघा बोलायला लागतो. मागची मोठी चक्री ३६ किंवा ४० दातांची बसवायची असेल तर आधी मागचं डिरेलर (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दात पेलतं ते दुकानात विचारा. नुसती कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बदलली तर साखळी कमी पडते किंवा डिरेलर चक्रीला घासतं.

ई-बाइक असेल तर गिअरऐवजी बॅटरीचा हिशेब करा. ११० किलोचं एकूण वजन ३०० मीटर वर न्यायला ९० वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरमधली घट धरून आणि तीन भागांतलं दोन भाग काम मोटर करते असं मानून एका श्टायगेला ७५ ते ८० वॅट-तास जातात. ५०० वॅट-तासांची बॅटरी कागदावर सहा चढ देते. प्रत्यक्षात पठारावरचा वारा आणि टेकड्या धरता तीन चढांचा दिवस आखा. गार सकाळी त्याहूनही थोडं कमी.

वारा बहुतेक दिवस नैऋत्य-पश्चिमेकडून असतो आणि पठारावर त्याला अडवायला काही नाही. शेतं, गवताळ माळ, मधे एखादं एकटं झाड. म्हणून सायकलचा मार्ग नैऋत्येकडून ईशान्येकडे आखावा, परतीला रेल्वे घ्यावी. हा सल्ला लोक ऐकतात आणि मग गाडीच्या वेळेनुसार उलटा मार्ग घेतात. दुपारी तीनला, पाय दमल्यावर समोरून वारा आला की साडेसात टक्क्यांचा चढ बरा वाटतो.

चाकं आणि रस्ता. आल्बवरच्या जंगलरस्त्यांवर चुनखडीचीच फोडलेली खडी टाकलेली असते. कोरडी असताना तिच्या कडा धारदार असतात आणि वळणावर ती मण्यांसारखी घरंगळते. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात. ४० मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरला ७५ किलोच्या स्वारासाठी पुढे २.८ आणि मागे ३.३ बार हवा ठेवा. त्याहून कमी ठेवली तर खडीच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात. जास्त ठेवली तर उतारावर चाक उडतं. दोन ट्यूब, पंप आणि टायरला चीर गेली तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ असू द्या.

पाऊस पडला की याच खडीची पांढरी लापशी होते. ती साखळीत आणि ब्रेकमध्ये शिरते आणि सहाणेसारखं काम करते. ओल्या चुनखडीच्या एका लांब उतारात रिम ब्रेकचे पॅड डोळ्यांदेखत झिजतात, डिस्कचे सेंद्रिय पॅडही झपाट्याने जातात, म्हणून धातुमिश्रित पॅड बरे. कोरड्या दिवशीसुद्धा तीनशे मीटरचा उतार म्हणजे अडीच लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा, आणि तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. ब्रेक सतत घासत ठेवू नका. सरळ रस्त्यावर सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, पुन्हा सोडा. वास यायला लागला तर थांबा. घरी आल्यावर सायकल त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा. वाळल्यावर ती लापशी गिलाव्यासारखी बसते, आणि मग ती काढायला व्हिनेगर वापरायचा मोह होतो. तो साखळी आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातो.

आता नियम, कारण इथे सर्वांत जास्त लोक नकळत चुकतात. बाडेन-व्युर्टेमबेर्ग या इथल्या राज्याच्या वनकायद्यानुसार जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला बंदी आहे. खास परवानगी देऊन पाट्या लावलेल्या वाटा तेवढ्या अपवाद. ट्राउफच्या कडेने जाणाऱ्या सुंदर वाटा जवळजवळ सगळ्या अरुंद पाऊलवाटा आहेत. मोबाईलवरची मार्ग सुचवणारी अॅप या नियमाकडे नेहमी लक्ष देत नाहीत आणि ‘सायकल’ निवडूनही तुम्हाला अशाच वाटेवर घालतात. घरीच मार्ग मोठा करून बघा आणि माथ्याजवळचा शेवटचा तुकडा पायी धरा. सायकल खिंडीत किंवा वाहनतळावर कुलूप लावून ठेवायची आणि माथा चालत गाठायचा, हीच आल्बची खरी रीत. त्यासाठी झाडाला किंवा कठड्याला वेढा घालेल एवढी लांब साखळी न्या. बूट महत्त्वाचे. पेडलला अडकवायच्या धातूच्या क्लीटचे बूट ओल्या चुनखडीवर घातक आहेत. साधं सपाट पेडल आणि खोल नक्षीचा रबरी तळ असलेला बूट दोन्ही कामं करतो.

१ मार्च ते ३१ ऑक्टोबर जंगलात धूम्रपानाला बंदी आहे आणि चूल ठरलेल्या जागीच पेटवायची. संरक्षित निसर्गक्षेत्रात वाट सोडायची नाही, कड्यांच्या डोक्यावर तर अजिबात नाही. तिथल्या पातळ मातीत वाढणाऱ्या वनस्पती पायाखाली गेल्या की परत यायला वर्षं लागतात. म्युन्सिंगेनजवळचं जुनं लष्करी सरावक्षेत्र, १८९५ पासून २००५ पर्यंत वापरात असलेलं, आता सायकलसाठी रमणीय आहे, पण जमिनीत न फुटलेला दारूगोळा आहे. तिथे खुणा केलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, लघवीलासुद्धा नाही.

पायी चालताना सह्याद्रीच्या माणसाला एक गोष्ट नवी वाटते. बेसाल्टचा खडबडीत कातळ ओला असतानाही बूट धरतो. चुनखडी हजारो बुटांखाली गुळगुळीत होते, आणि ओली झाली की शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखी घसरते. वर बीच झाडांचा पाचोळा आणि तिरकी मुळं. पाय मुळावर नाही, मुळाच्या मागे टाका. दगडाच्या उतरत्या तोंडावर नाही, दोन दगडांच्या बेचक्यात टाका. पायथ्याशी वेगळाच त्रास: ‘तपकिरी जुरा’ नावाच्या खालच्या थराची चिकणमाती पावसानंतर बुटाला किलोभर चिकटते. घडीच्या काठ्या तिथे उपयोगी. सायकलला त्या वरच्या नळीवर पट्ट्याने बांधता येतात.

कडेपासून दोन मीटर लांब राहा, फोटोसाठीही. बहुतेक कड्यांवर कठडा नाही. शिवाय ट्राउफची कड स्थिर नाही. वर जड चुनखडी, खाली पाण्याने फुगणारी माती. त्यामुळे पठाराचे तुकडे कडेपासून सुटत राहतात. राइखबेर्गजवळ हांगेंडर श्टाइन इथे असा सुटलेला तुकडा आणि मागची खोल भेग दिसते. लहान भेगा पाचोळ्याखाली झाकलेल्या असतात. १२ एप्रिल १९८३ ला म्योसिंगेनजवळ मोठ्या पावसानंतर हिर्शकोप्फचा उतार असाच घसरला आणि लाखो घनमीटर दगडमाती खाली आली. म्हणून सलग तीन-चार दिवस पाऊस झाल्यावर कडेखालच्या वाटा टाळा, पठारावरच्या घ्या. बंद वाटेची पाटी दिसली तर ती कंटाळलेल्या कारकुनाने लावलेली नसते.

वेळेचा हिशेब जर्मन पद्धतीने करा. सपाटीवर ताशी ४ किलोमीटर, चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर. आडव्या अंतराचा वेळ आणि चढ-उताराचा वेळ वेगळे काढा. मोठा पूर्ण घ्या, लहान अर्धा घ्या, बेरीज करा. १२ किलोमीटर, ४५० मीटर चढ आणि तेवढाच उतार असेल तर आडवा वेळ ३ तास. चढाचा दीड तास आणि उताराचा सुमारे ५५ मिनिटं मिळून जवळपास २ तास २५ मिनिटं, त्याचे निम्मे सव्वा तास. एकूण सव्वाचार तास, विश्रांती वेगळी. दिशादर्शक पाट्यांवर साधारण असाच वेळ असतो. ट्राउफच्या कडेने डोनाउव्योर्टपासून टुटलिंगेनपर्यंत जाणाऱ्या लांब वाटेची खूण लाल त्रिकोण आहे. ती दिसली की तुम्ही कडेवर आहात एवढं नक्की.

हवामान दोन थरांत बघा. पठार पायथ्यापेक्षा चारशे मीटर वर म्हणजे अडीच-तीन अंश गार, शिवाय वारा. चढताना घाम, वर थांबलात की गारठा, उतरताना आणखी. बाकी काही विसरलं तरी चालेल, पातळ वारारोधक जाकीट आणि उतारासाठी पूर्ण बोटांचे हातमोजे जुलैमध्येही सोबत असू द्या. पठारावरच्या बशीसारख्या खोलगट भागांत गार हवा साचते. आल्बश्टाटजवळच्या डेगरफेल्डमध्ये तर उन्हाळ्यातही पहाटे दंव गोठू शकतं. शरद ऋतूत याच्या उलट घडतं: खाली नेकारचं खोरं धुक्याने भरलेलं आणि वर लख्ख ऊन. स्टुटगार्टच्या खिडकीतून राखाडी दिसलं म्हणून बेत रद्द करू नका, वरच्या गावांचे वेबकॅम बघा. मात्र ऑक्टोबरअखेर घड्याळ तासभर मागे गेलं की सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो, दिवे हवेतच. गडगडाट ऐकू आला तर मनोरा आणि माळावरचं एकटं झाड दोन्ही सोडून खाली जंगलात उतरा.

गोचिड्या ही थट्टेची गोष्ट नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग जवळजवळ सगळं गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीच्या क्षेत्रात येतं. लस तीन डोसांची, पहिले दोन एक ते तीन महिन्यांच्या अंतराने. म्हणजे एप्रिलमध्ये फिरायचं तर हिवाळ्यातच डॉक्टरांकडे जा. लाइम रोगावर ही लस चालत नाही, त्यासाठी संध्याकाळी अंग तपासणं हाच उपाय: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला. बारीक चिमट्याने गोचिडी त्वचेलगत धरून सरळ ओढायची. तेल, डिंक काही लावायचं नाही. नंतर काही आठवडे लाल चट्टा पसरतो का बघत राहा.

अपघात झाला तर ११२. जंगलात ठिकठिकाणी बचावस्थळाच्या पाट्या असतात, त्यांवर एक क्रमांक असतो. तोच सांगा, पत्ता सांगत बसू नका. दऱ्यांमध्ये मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि १:२५,००० चा कागदी नकाशा असेल तर उत्तम. त्यात डोलिने आणि कड्यांच्या खुणा वाचता येतात.

रेल्वेत सायकल न्यायची तर राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ सोडून ती साधारणपणे फुकट जाते. निघण्याआधी त्या मार्गाचा नियम बघा. उन्हाळ्यातल्या रविवारी मात्र जागा हाच प्रश्न असतो. आठच्या आधीची गाडी पकडा.

आता क्रम. पहिला माथा गोमाडिंगेनचा श्टेर्नबेर्ग, ८४४ मीटर. डॅन्यूबकाठच्या मुंडरकिंगेन स्टेशनवर उतरा आणि ग्रोसे लाउटर नदीच्या काठाने वर या. पठारावर टिकून वाहणाऱ्या मोजक्या नद्यांपैकी ही एक. ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर, स्टेशन आणि गोमाडिंगेन यांच्या उंचीतला फरक दोनशे मीटरच्या आत, काही टप्पे खडीचे, कड्यांवर पडके किल्ले. गोमाडिंगेनला सायकल लावून श्टेर्नबेर्ग चालत, वर-खाली मिळून दीड-दोन तास, वर मनोरा आणि आल्बफेराइन या संस्थेचं विश्रामगृह. अशी विश्रामगृहं बहुधा शनिवार-रविवारीच उघडी असतात आणि काही ठिकाणी फक्त रोख पैसे चालतात. परतीला गोमाडिंगेनहूनच पठारावरची छोटी रेल्वे आहे, गाड्या मोजक्या, वेळ आधी लिहून घ्या.

हा दिवस सहज गेला तर दुसरा बालिंगेनहून लोखेन खिंडीचा. स्टेशन ५२० मीटरच्या आसपास, खिंड नऊशेजवळ, अंतर सुमारे आठ किलोमीटर, आणि खरा चढ त्यातल्या दुसऱ्या निम्म्यात. गिअर कळतो तो इथे. खिंडीत सायकल ठेवा आणि लोखेनश्टाइन, ९६३ मीटर, चालत गाठा. वीस मिनिटांची वाट, पण वरचे दगड झिजून चकचकीत झालेले. दम उरला तर पलीकडे टीरिंगेनपर्यंत उतरा. त्या गावाच्या शिवारात पाण्याचे दोन रस्ते होतात: श्लिखेम नेकारकडून ऱ्हाइनला आणि उत्तर समुद्राला, बेरा डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला. परत येताना खिंड पुन्हा चढावी लागते हे आधीच मनात धरा.

लेमबेर्ग तिसरा, आणि तो सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. श्पाइखिंगेन स्टेशनवरून ड्राइफाल्टिगकाइट्सबेर्ग हा साधारण ९८५ मीटरचा माथा, सव्वातीनशे मीटर चढ. वर चर्च आहे. तिथून पठाराच्या रुंद रस्त्यांनी क्लिप्पेनेकच्या ग्लायडर धावपट्टीवरून गोसहाइम. गावात बाटल्या भरा, कारण पुढे पाणी नाही. लेमबेर्ग गोसहाइमपेक्षा दीडशे मीटरहून थोडा जास्त उंच, पायीच जायचा. माथ्यावर सगळीकडे झाडं, त्यामुळे १८९९ सालच्या ३३ मीटर उंच लोखंडी मनोऱ्यावर चढल्याशिवाय काहीही दिसत नाही. जिने जाळीचे आहेत, वारा असेल तर मनोरा डोलल्याचं जाणवतं. दक्षिणेकडून फ्योन, म्हणजे आल्प्सवरून उतरणारा कोरडा उबदार वारा, सुटलेल्या दिवशी आल्प्सची अख्खी रांग दिसते. तसा अंदाज गुरुवारी दिसला तर शनिवारची वाट न बघता शुक्रवारी रजा टाका. हा वारा बहुधा एक-दोन दिवसांत मोडतो आणि त्याच्या मागे पाऊस येतो.